आषाढात आलेला उन्हावरचा रोबो

पत्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आईचं आहे. नाव-गाव देत नाही. मजकूर थोडक्यात असा:

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. मुलगी सहा वर्षांची. जूनमध्ये मुलाच्या वाढदिवसाला मुंबईच्या मामानं सौरऊर्जेवर चालणारा रोबो बनवायचा संच पाठवला. एकाच खोक्यातून चौदा प्रकार होतात, तसला. पुस्तिका इंग्रजीत. मुलानं दोन दिवस खटपट केली, जमेना. मग एका रात्री वडिलांनी कामावरून आल्यावर बारा वाजेपर्यंत बसून चार चाकांचा रोबो जोडून दिला. ट्यूबखाली धरला, बॅटरीचा झोत मारला, मोबाइलचा टॉर्च लावला, पण रोबो जागचा हलला नाही. मुलगा रडला, आणि त्यानंतर त्यानं खोक्याला हात लावलेला नाही. धाकटी मात्र सारखी मध्ये मध्ये करते. एकदा तिनं पॅनेल उपटून खिडकीत नेऊन ठेवलं, तेव्हा ओरडा खाल्ला. आता आईचे तीन प्रश्न आहेत. संच खराब निघाला का? मुलाला विज्ञानाची आवडच नाही का? आणि पुण्यातला भाचा रोबोटिक्सच्या क्लासला जातो, तेव्हा आपला मुलगा मागे पडू नये म्हणून दिवाळीपासून अठरा हजारांचा ऑनलाइन कोर्स लावावा का? शेवटी त्या लिहितात, “मी कॉमर्सची. मला यातलं काही कळत नाही, म्हणून विचारते.”

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. संच बहुधा ठणठणीत आहे. त्याला अजून ऊनच मिळालेलं नाही.

आषाढात कोकणात उन्हावरचं खेळणं चालवायला घेणं म्हणजे वैशाखात कोरड्या पऱ्ह्यात होडी सोडण्यासारखं आहे. त्यात होडीचा दोष नाही, सोडणाऱ्याचाही नाही. तुम्ही म्हणाल, ट्यूबखाली तर लख्ख उजेड होता. इथेच आपले डोळे आपल्याला फसवतात. अंधारात बाहुली मोठी होते, उन्हात बारीक होते, आतला पडदाही जुळवून घेतो, म्हणून घरातला उजेड आणि अंगणातला उजेड यांत फार अंतर आहे असं आपल्याला जाणवत नाही. मोजायला गेलं तर भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश १ लाख लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास भरतो, आणि ट्यूब लावलेल्या खोलीत १०० ते ३००. शेकडो पटींचा फरक आहे हा. दाट ढग आले की बाहेरचा उजेडही दहा-वीस पटींनी घटतो. डोळा हे सगळं सांभाळून घेतो, पॅनेलला ते जमत नाही.

आणि त्या पॅनेलची ताकद तरी किती? दुपारच्या उन्हातून एक चौरस मीटर जागेवर साधारण १,००० वॉट ऊर्जा येते. संचातलं पॅनेल काडेपेटीएवढं असतं. त्यावर पडलेल्या उन्हातला पाचवा-सहावा हिस्सा तेवढा वीज होतो. हिशेब केला तर भर उन्हातही पाव वॉटच्या आसपास. घरातल्या साध्या एलईडी बल्बला नऊ वॉट लागतात, यावरून अंदाज घ्या. एवढ्या चिमूटभर विजेवर मोटर फिरते हेच नवल, आणि ट्यूबखाली तर त्या चिमटीतही काही उरत नाही.

तरी खात्री करून घ्यायला हवी, आणि ती उन्हाची वाट न पाहता आज रात्रीसुद्धा करता येईल. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा. मोटरला जोडलेल्या पॅनेलच्या तारा सोडवा आणि मोटरची दोन टोकं सेलच्या दोन टोकांना टेकवा. मोटर गरगरली तर ती चांगली आहे. मोटर फिरते पण चाकं फिरत नाहीत, असं झालं तर अडचण दात्यांमध्ये किंवा स्क्रूमध्ये आहे. मोठ्या माणसाचा हात जड असतो. स्क्रू करकचून आवळले गेले की प्लॅस्टिकचा सांगाडा दाबला जातो आणि चाकाचा दांडा अडकून बसतो. प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा सैल करून बघा. सुटे भाग ज्या चौकटीतून तोडून काढलेले असतात, तिचा बारीक कोंभ चाकाच्या दात्याला चिकटून राहिलेला असतो, तोही अडतो. तो नेलकटरनं सफाईनं निघतो. तुमच्याकडच्या दमट हवेत तारांच्या टोकांवर आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढुरकी-हिरवी पुटं चढतात. ती खोडरबरानं घासली की जातात.

घरात चालवूनच बघायचं असेल, तर कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तो तारेचा पिवळा बल्ब शोधा, साठ किंवा शंभर वॉटचा. तो पॅनेलपासून वीतभर अंतरावर धरला की बहुतेक संच हलतात. त्या बल्बच्या प्रकाशात डोळ्यांना न दिसणारे तांबड्यापलीकडचे किरण भरपूर असतात, आणि सिलिकॉनच्या पॅनेलला त्यांतलेही बरेच वापरता येतात. एलईडीत ते जवळजवळ नसतातच. मात्र तो बल्ब चटका बसेल इतका तापतो. पॅनेल त्याला टेकू देऊ नका, आणि मोठ्या माणसानं तिथेच बसा. मिनिट-दोन मिनिटं बघायला हे पुरे. रोजच्या खेळाला ऊनच हवं.

आता दुसरा प्रश्न. तो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण तुम्ही त्याचं उत्तर मनात ठरवूनच पत्र लिहिलंय असं दिसतं. मुलगा रडला आणि त्यानं खोकं बाजूला टाकलं, म्हणजे त्याला आवड नाही, असं तुम्ही म्हणता. मला उलट वाटतं. ज्याचं काही वाटत नाही त्यासाठी नऊ वर्षांचा मुलगा रडत नाही. त्यानं दोन दिवस एकट्यानं, परक्या भाषेतली चित्रं बघत खटपट केली होती. ती कुठे अडली हे कुणी विचारलं का? तुमच्या पत्रात तरी ते नाही. मग एका रात्रीत बाबांनी सगळं जोडून टाकलं. त्याच्या हातून जे होत नव्हतं ते बाबांच्या हातून चार तासांत झालं, आणि एवढं होऊनही ते चाललं नाही. म्हणजे बाबांनाही जमत नाही, मग आपल्याला काय जमणार! त्या जागी मीही खोकं मिटलं असतं.

बाबांना यात दोष देऊ नका. दिवसभर राबून आलेला माणूस मुलासाठी बारापर्यंत डोळे ताणून बारीक स्क्रू पिळत बसतो, ही माया आहे, आणि मुलाला ती कळलेलीही असेल. पण संच बाबांचा झाला, एवढं खरं. तो मुलाला परत द्यायला हवा, आणि त्याला वाट एकच आहे: जोडलेलं सगळं उघडायचं. उघडायचं तेही मुलानं. स्क्रू काढायला लावायच्या मानानं फार सोपे असतात. उघडता उघडता कुठला भाग कशात बसतो ते हातांना कळत जातं. सुटे भाग ताटात मांडा, स्क्रू वाटीत ठेवा. काही हरवलं तर रागावू नका, कपाटाखाली बॅटरी मारा.

मग पुन्हा जोडायचं ते त्यानं. बाबांनी जवळ बसावं, हात मांडीवर ठेवून. चित्र दाखवावं, “हा दांडा कुठल्या बाजूनं आत जातो रे?” असं विचारावं, पण हात पुढे करू नये. हे फार कठीण आहे, मी स्वानुभवानं सांगते. मुलाचं चाक उलटं बसतंय हे दिसत असताना गप्प राहायला वर्षानुवर्षांची सवय लागते. पण उलटं बसलेलं चाक चौथ्या-पाचव्या पायरीला आपोआप अडतं. तिथे मूल थांबतं, मागे जातं, स्वतः शोधतं. पुस्तिकेतल्या पायऱ्या बिनचूक उरकल्या की हातात एक चार चाकांची मोटार राहते. अडलेलं शोधलं की कसं शोधायचं ते हातात राहतं, आणि ते पुढे सायकलच्या साखळीला, मिक्सरच्या वायरला, गणिताच्या चुकलेल्या ताळ्याला सगळीकडे कामाला येतं.

एक प्रसंग सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी बरीच वर्षं रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर आसपासची मुलं जमवत असे. तिथे दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीनं असाच संच आणला होता. मोटार जोडली, उन्हात ठेवली, आणि ती मागे जायला लागली. बाकीची मुलं हसली. तारांची अदलाबदल करायची, एवढंच काम होतं, ओठांवर आलेलं ते मी गिळलं. ती मुलगी उकिडवी बसून मोटारीकडे बघत राहिली. उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा मागेच. मग तिनं शांतपणे रोबोचं डोकं काढलं, फिरवून मागच्या बाजूला बसवलं, आणि म्हणाली, “बाई, आता ती पुढे जाते.” पुढचे तीन आठवडे तिची मोटार तशीच धावली. चौथ्या रविवारी ती आली ती सांगतच, की घरच्या घड्याळाचा सेल उलटा लावला तर घड्याळ चालत नाही, पण मोटरला उलटा लावला तर मोटर उलटी फिरते, आणि मग तिनं तारा बदलून दाखवल्या. पहिल्या दिवशी मी सांगून टाकलं असतं, तर तिला एक माहिती मिळाली असती आणि तिच्या डोक्यातली ती फिरवाफिरवी सुरूच झाली नसती.

आता ज्या गोष्टीसाठी मला तुमचं पत्र दोनदा वाचावं लागलं, तिच्याकडे येते. तुमच्या धाकटीनं पॅनेल उपटून खिडकीत ठेवलं. रोबो चालत नाही म्हणून सगळं घर कष्टी असताना ट्यूब, बॅटरी, मोबाइल सगळं करून झालं, पण पॅनेल आकाशाकडे नेलं ते एकट्या सहा वर्षांच्या पोरीनं. तिला सूर्याचं कळलं होतं की खोक्यावरचं चित्र तिनं नीट पाहिलं होतं, मी सांगू शकत नाही. तुम्ही तिला विचारलंत तर ती सांगेल. पण तुमच्या घरात या संचावर झालेला पहिला खरा प्रयोग तिचा आहे, आणि त्यासाठी तिला ओरडा मिळाला.

तुम्ही ते मुद्दाम केलं नाहीत, हे मला माहीत आहे. संच भावाचा, वाढदिवस भावाचा, भाग बारीक, हरवले तर मामा काय म्हणेल, हे सगळं खरं. तरीही स्वतःला एकदा विचारून बघा: हाच वाढदिवस तिचा असता, तर मामानं काय पाठवलं असतं? आणि तिच्या जागी सहा वर्षांचा धाकटा भाऊ असता, तर “मध्ये मध्ये करतो” असं लिहिलं असतंत, की “याला किती कुतूहल आहे बघा” असं? हा प्रश्न मी अनेक घरांत विचारलाय. उत्तर लगेच द्यायला नको, घरात बसून बोला. मोठ्याला अडलेलं वाचून दाखवायला, स्क्रूची वाटी सांभाळायला, दाते मोजायला धाकटीला बरोबर घ्या. खोक्यावर आठ वर्षांवरील असं लिहिलेलं असतं ते एकट्यानं जोडण्यासाठी. मोठं माणूस शेजारी असेल तर सहा वर्षांचं मूल हे सगळं हाताळू शकतं. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल, तर मात्र एकही सुटा भाग जमिनीवर राहू देऊ नका, ही सूचना इतर वाचकांसाठीही आहे. ज्या खेळण्यात बटण सेल किंवा बारीक लोहचुंबक असतात, त्यांच्याबाबत तर डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. ते गिळले गेले तर वेळ न दवडता दवाखाना गाठायचा.

तुम्ही कॉमर्सच्या आहात म्हणून तुम्हाला यातलं कळत नाही, हे मला मान्य नाही. ताळेबंद जुळत नाही तेव्हा तुम्ही काय करता? रकमा वरून खाली तपासता, फरक नेमका किती आहे ते बघता, नोंद कुठे उलटी पडली ते शोधता. सेल लावून मोटर तपासणं, मग दाते, मग तारा, मग पॅनेल, हे तेच काम आहे. त्यामुळे मुलांना “मला माहीत नाही, शोधू या” असं तुम्ही खऱ्या अर्थानं म्हणू शकता. मला ते म्हणताना थोडं नाटक करावं लागायचं.

श्रावणातल्या उघडिपी तोंडावर आहेत, आणि गणपतीनंतर खळ्यात ऊन उतरेलच. तेव्हा काय करून बघायचं ते सांगते. चौदाच्या चौदा प्रकार जोडायची घाई अजिबात नको. त्या चौदांत मोटर तीच, पॅनेल तेच, वरचा साज तेवढा बदलतो. एकच मोटार घ्या आणि तिच्याशी खेळा. ती चालू असताना पॅनेलच्या एका पट्टीवर बोट ठेवा. झाकलेला भाग थोडासाच असतो, पण मोटार मंदावते किंवा थांबतेच. पॅनेलमध्ये एकामागून एक घरं जोडलेली असतात, सिलिकॉनचं एक घर जेमतेम अर्धा व्होल्ट देतं, आणि सगळ्यांची वीज एकाच वाटेनं जाते. बागेतल्या पाइपवर एका जागी पाय दिला की पुढचं पाणी अडतं, तसंच. हे मुलांना तोंडी सांगू नका, बोट ठेवायला लावा. मोटार सुरू होता होता अडखळत असेल तर चाकाला टिचकी मारायला सांगा. थांबलेलं चाक हलवायला फिरत्या चाकापेक्षा जास्त जोर लागतो, हे टिचकीतून कळतं. स्केचपेननं एका दात्यावर खूण करून दाते मोजा. लहान चक्राला आठ आणि मोठ्याला चाळीस दाते असतील, तर लहानाचे पाच फेरे झाले की मोठ्याचा एक होतो. वेग पाचपट कमी झाला, जोर जवळजवळ पाचपट वाढला. गिअरची सायकल चढावर चालवणाऱ्याला हा हिशेब पायानं कळतो.

आणखी एक गैरसमज इथेच निघून जाईल. मुलांना (आणि मोठ्यांनाही) वाटतं की पॅनेल उन्हाच्या उष्णतेवर चालतं, तापलं की जास्त पळेल. तसं नाही. ते प्रकाशावर चालतं, आणि तापलं की उलट थोडी कमी वीज देतं. गच्चीवरचा सौर बंब उष्णतेवर चालतो, त्याच्या शेजारचं पॅनेल प्रकाशावर. दोन्ही एकाच घरावर दिसले की मुलांना उभं करून दाखवा. घाटावर कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्या शेतातला सौर पंप बघायला घेऊन जा. तीन एचपीच्या पंपाला साधारण तीन हजार वॉटची पॅनेलं लागतात, पण तत्त्व तुमच्या मोटारीचंच: साठवणारी बॅटरी नाही, ऊन आलं की पाणी, ढग आला की धार बारीक. ढग सरकला की धार पुन्हा फुगते, ते बघताना तुमचा मुलगा काहीतरी बोलेल, ते नीट ऐका.

मुलगा विचारेल, हा खरा रोबो आहे का? खरं सांगा. नाही, अजून नाही. ‘रोबो’च्या मुळाशी चेक भाषेतला जो शब्द आहे, त्याचा अर्थ वेठ. आज आपण रोबो म्हणतो ते स्वतः काही जाणणाऱ्या आणि त्यावरून काय करायचं ते ठरवणाऱ्या यंत्राला. तुमच्या मोटारीला ऊन लागलं की ती पळते, एवढंच. पण उन्हावरचा खरा रोबो आपल्या मुलांनी टीव्हीवर पाहिलेला आहे. चांद्रयान-३ मधला प्रज्ञान, २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या पोटात होता तो. वजन २६ किलो, सहा चाकं, आणि पॅनेल ५० वॉटचं. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा. तेवढ्यात तो शंभर मीटरच्या आसपास चालला. रात्र येणार म्हणून २ सप्टेंबरला त्याला निजवलं, ते पॅनेल पुढच्या सूर्योदयाकडे तोंड करून. तो पुन्हा जागा झाला नाही. हे मुलांना सांगाल तेव्हा शेवट गाळू नका. उन्हावर चालणाऱ्या यंत्राला रात्र म्हणजे काय, हे नऊ वर्षांच्या मुलाला चटकन समजतं, कारण त्याची मोटार आषाढभर तशीच पडून होती.

तिसरा प्रश्न अठरा हजारांच्या कोर्सचा. माझं स्पष्ट मत, या दिवाळीला नको. कोर्स वाईट असेल म्हणून नव्हे, मला त्याची माहिती नाही. पण ज्या मुलाचा साध्या मोटारीशी धागा तुटलाय, त्याला त्याहून महाग खोकं आणि समोर पडद्यावर घाईनं बोलणारं माणूस दिलं, तर दुसऱ्यांदा अडल्यावर तो आणखी गप्प होईल. आणि अठरा हजार घालून बसलात की तुमचाही धीर सुटेल. “एवढे पैसे भरलेत” हे वाक्य घरात एकदा आलं की खेळ संपतो.

भाच्याशी तुलना करताना एवढं बघा, की भाचा क्लासला जातो त्याची खबर तुम्हाला आहे, तिथे तो काय करतो त्याची नाही. क्लास लावायचाच असेल तर, आणि हे पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठीही सांगते, एक तास मागे बसू द्याल का असं विचारा. एका संचावर किती मुलं असतात ते बघा. चार मुलांत एक संच असेल तर एक मूल जोडतं, तिघं बघतात. तासाच्या शेवटी सगळ्यांची मोटार सारखीच दिसते का, मोटार चालली नाही तर ती कोण उघडतं, मूल की शिक्षक, एवढं बघितलंत तरी क्लास कसा आहे ते कळतं. बक्षिसांचे फोटो बघायची गरज उरत नाही.

कोर्स नाही तर काय? मुलगा सहावीत गेला की तालुक्याच्या हायस्कुलात अटल टिंकरिंग लॅब आहे का चौकशी करा. नीती आयोगाच्या योजनेतून २०१६ पासून देशभर अशा दहा हजारांहून अधिक प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. नुसती खोली आहे की मुलांना रोज आत सोडतात, तेही विचारा. तोवर अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांकडे वळा. आयआयटीतून शिकलेल्या या माणसानं आयुष्य टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवण्यात घालवलं, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं मुलांबरोबर काम केलं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन, एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि लाखेच्या तांब्याच्या तारेचं वेटोळं यांतून फिरणारी मोटर, हे सगळं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, मराठीतही आहे. ती मोटर एकदा मुलाकडून करवून घ्या. मग संचातल्या बंद डबीत काय फिरतं, ते त्याला आतून दिसेल.

पुढे बारा-तेराव्या वर्षी गोडी टिकली, तर उन्हावरच्या रोबोंची एक सुंदर वाट आहे. मार्क टिल्डन या तंत्रज्ञानं १९९० च्या सुमारास ती पुढे आणली. पॅनेलमधून ठिबकणारी थोडी थोडी वीज कपॅसिटरमध्ये साठवायची आणि पुरेशी झाली की एकदम मोटरला द्यायची. ठिबकत्या नळाखाली कळशी ठेवून ती भरली की ओतावी, तसं. मंद उजेडातही असा रोबो थांबून थांबून उडी घेतो. त्याचे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. पण ते पुढचं.

असा संच विकत घेऊ पाहणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडक्यात: आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. प्रकारांचा आकडा बघू नका. भाग पुन्हा पुन्हा उघडून जोडता येतात का, दुकानदार सुटी मोटर देईल का, हे विचारा. कोकणात, घाटमाथ्यावर पाठवणार असाल तर दिवाळीनंतर पाठवा. जूनमध्ये वाढदिवस असेल तर खोक्याबरोबर दोन सेल आणि सेलची डबी द्या, म्हणजे पहिल्या दिवशी मोटार हलेल आणि मग मुलं उन्हाची वाट बघतील.

ताई, तुम्ही आधी एक करा. पुढच्या उघडिपीला धाकटीला हाक मारा आणि पॅनेल पुन्हा त्याच खिडकीत नेऊन ठेवायला सांगा. मोठ्याला काडेपेटीतली एक काडी द्या आणि ती पॅनेलवर सरळ उभी धरायला लावा. पॅनेल तिरकं असेल तर काडीची सावली लांब पडेल. दोघांनी मिळून ते हळूहळू कलतं करायचं, सावली आखडत आखडत काडीच्या बुंध्याशी नाहीशी होईपर्यंत. ती नाहीशी झाली की पॅनेलचं तोंड बरोबर सूर्याकडे आहे. मोटरच्या तारा तेव्हाच जोडा, आणि जोडायला बाबांना बोलावू नका, नुसतं बघायला बोलवा.